पंचेचाळीस गुंठ्यांचा कॅमेरा

४,५४,४१,०२४.

नव्या कॅमेऱ्याच्या पहिल्या फोटोत एवढे ठिपके होते. फोटो गॅलरीतल्या तुळशीचा. नवा कॅमेरा घरी आला की उजेडात जे समोर असेल त्याचाच पहिला फोटो निघतो. ठिपके मात्र रुंदीला ८,२५६ आणि उंचीला ५,५०४. गुणाकार केला की चार कोटी चोपन्न लाख एक्केचाळीस हजार चोवीस. सेकंदाला एक या वेगाने, जेवणखाण आणि झोप सोडून कुणी ते मोजायला बसलं तर ५२६ दिवस लागतील. यंदाच्या दिवाळीत सुरुवात केली तर पुढची दिवाळी मोजण्यातच जाईल आणि मोकळं व्हायला त्यानंतरचा गुढीपाडवा उजाडेल. कॅमेऱ्याने हे काम सेकंदाच्या अडीचशेव्या भागात उरकलं होतं.

कॅमेरा निकॉनचा डी८५०. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये, कंपनीला शंभर वर्षं पूर्ण झाली त्या साली बाजारात आलेला. मी तो घेतला उशिरा, आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांनी दुकानांची शोकेस व्यापल्यानंतर. त्याआधी माझ्याकडे होता डी४०, २००६ चं मॉडेल. त्याची नुसती बॉडी ४७५ ग्रॅम, नव्याची ९१५. गळ्यात अडकवल्यावर पहिला फरक मानेला कळतो, डोळ्यांना नंतर.

डिजिटल कॅमेरा म्हणजे मोजणी करणारं यंत्र. कोणत्या ठिपक्यावर किती प्रकाश पडला ते मोजायचं आणि आकडा लिहून ठेवायचा, एवढंच त्याचं काम. तुळस काय, भाचीचं लग्न काय, त्याच्या लेखी सगळा आकड्यांचा तक्ता. म्हणून त्याच्याशी ओळखही आकड्यांतूनच करून घ्यावी म्हटलं. माहितीपत्रकातले आकडे कुणीही वाचतं. त्यांचे एकमेकांशी गुणाकार-भागाकार केले की जे हाती लागतं, ते मात्र कुठल्याही माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

मेगापिक्सेलचा सातबारा

एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके हे सगळ्यांना पाठ असतं. दहा लाख म्हणजे नेमके किती, हे काही डोळ्यांपुढे येत नाही. त्यासाठी एक युक्ती करायची. प्रत्येक ठिपका एक सेंटिमीटर लांब आणि एक सेंटिमीटर रुंद धरायचा आणि सगळे ठिपके जमिनीवर एकाला एक चिकटवून मांडायचे. दहा लाख चौरस सेंटिमीटर म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १०१ चौरस मीटर. फरक जेमतेम तेरा चौरस फुटांचा. तेव्हा खुशाल म्हणावं, एक मेगापिक्सेल म्हणजे एक गुंठा.

आता या कॅमेऱ्यांचा सातबारा काढू. १९७५ साली कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण इंजिनिअरने पहिला उचलून नेण्याजोगा डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोंच्या वर, चित्र काळंपांढरं, ठिपके १०० बाय १००, म्हणजे दहा हजार. आपल्या मोजणीत ही झाली एक चौरस मीटर जमीन, एका माणसाने मांडी घालून बसावं एवढी. १९९१ मध्ये कोडॅकनेच निकॉनच्या एफ३ या फिल्म कॅमेऱ्याच्या बॉडीवर आपला डिजिटल सेन्सर बसवून विकायला काढला. जमीन सव्वा गुंठा. १९९९ मध्ये निकॉनचा डी१ आला, पावणेतीन गुंठे. माझा डी४० सहा गुंठ्यांचा. आणि हा नवा पंचेचाळीस गुंठ्यांचा, म्हणजे एक एकर पाच गुंठे.

सॅसनच्या यंत्राला एक चौरस मीटरचं चित्र कॅसेटच्या टेपवर उतरवायला २३ सेकंद लागत. त्याच वेगाने तुळशीचा फोटो उतरवायचा तर २९ तास लागले असते. सकाळी काढलेला फोटो दुसऱ्या दिवशी दुपारी हाती आला असता.

एकराच्या मालकीने कुणी हुरळून जाऊ नये म्हणून आणखी एक उतारा. चिलीमधल्या डोंगरावर व्हेरा रुबिन वेधशाळेत बसवलेला कॅमेरा ३,२०० मेगापिक्सेलचा आहे. त्यात १८९ सेन्सर शेजारी शेजारी जोडलेत आणि कॅमेऱ्याचं वजन तीन टनांच्या आसपास आहे. २०२५ च्या जूनमध्ये त्याची पहिली चित्रं जगाने पाहिली. प्रत्येक फोटो ८० एकरांचा. त्याच्या शेजारी माझी नोंद अत्यल्पभूधारकातच होणार.

ही सगळी जमीन प्रत्यक्षात मावली आहे ३५.९ बाय २३.९ मिलिमीटरच्या एका सेन्सरवर. एका ठिपक्याची रुंदी ४.३५ मायक्रॉन. माणसाच्या रक्तातली तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची असते, म्हणजे एका पेशीखाली असे दोन-अडीच ठिपके झाकले जातील. सेन्सरचा पंचेचाळीस गुंठ्यांचा मळा करायचा तर सगळं जग जवळजवळ २,३०० पटींनी फुगवावं लागेल. मग ५० मिलिमीटरच्या लेन्सचं सेन्सरपासूनचं अंतर ११५ मीटर होईल. आणि समोर तीन मीटरवर उभं राहिलेलं माणूस जाईल सात किलोमीटर लांब, त्याची उंची होईल चार किलोमीटर, कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. एवढ्या माणसाची सावली नीट आखून त्या मळ्यात उतरवायची, हे लेन्सचं काम.

या ३६ बाय २४ मापाला सगळे फुल फ्रेम म्हणतात. त्याचं मूळ सिनेमाच्या रिळात आहे. जर्मनीत लाइट्झ कंपनीतल्या ऑस्कर बार्नॅकने १९१३-१४ च्या सुमारास सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म आडवी वापरणारा छोटा कॅमेरा बनवला आणि सिनेमाच्या दोन चौकटींएवढी एक चौकट घेतली. त्यातून पुढे १९२५ मध्ये लायका बाजारात आला. इकडे दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणत होते तो काळही १९१३ चाच. शंभर वर्षांत फिल्म गेली, रसायनं गेली, अंधारी खोली गेली. चौकट मात्र तेवढीच राहिली.

गुंठे कुठे जातात

नवा कॅमेरा घेणाऱ्या बहुतेकांची पहिली तक्रार एकच असते: फोटो हलतात. कॅमेऱ्याचा त्यात दोष नसतो. २०० मिलिमीटरची लेन्स लावून शंभर मीटरवरच्या पक्ष्यावर नेम धरला तर एका ठिपक्याच्या वाट्याला पक्ष्याच्या अंगावरची जेमतेम २.२ मिलिमीटर जागा येते. हात अंशाच्या आठशेव्या भागाने हलला तरी चित्र एका ठिपक्यावरून शेजारच्या ठिपक्यावर सरकतं. हात पूर्वीही तेवढाच हलत होता. जुन्या कॅमेऱ्याच्या मोठ्या ठिपक्यांत ते हलणं लपून जायचं, इतकंच.

हात स्थिर ठेवला तरी प्रकाशाचा स्वतःचा स्वभाव आड येतो. बारीक छिद्रातून जाताना प्रकाश थोडा पसरतो. सगळं दृश्य जवळपासून लांबपर्यंत स्पष्ट यावं म्हणून लेन्सचं छिद्र एफ १६ इतकं बारीक केलं, तर एका बिंदूतून निघालेला हिरवा प्रकाश सेन्सरवर २१ मायक्रॉनचा गोळा होऊन पडतो, म्हणजे ओळीने पाच ठिपके व्यापतो. पंचेचाळीस गुंठ्यांची मोजणी करून मिळवलेली धार तिथे बोथट होते. कितीही महाग लेन्स आणली तरी या नियमातून सुटका नाही.

त्यातून जे वाचतं ते बघायचं कशावर? घरचा साधा फुल एचडी पडदा १,९२० बाय १,०८० ठिपक्यांचा, म्हणजे दोन गुंठ्यांचा. फोटो पूर्ण आकारात उघडला तर एका वेळी त्याचा बाविसावा भाग दिसतो. बाकीच्या शेतात माउस धरून बांधाबांधाने फिरायचं. आणि तोच फोटो घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नेहमीच्या पद्धतीने टाकला की पंचेचाळीसपैकी एक-दोन गुंठेच पलीकडे पोचतात. मावशी त्यावरही 'छान' म्हणतेच.

बघणाऱ्या डोळ्याचाही हिशेब मांडून पाहावा. माणसाच्या एका डोळ्यात मंद उजेड टिपणाऱ्या पेशी बारा कोटींच्या आसपास असतात, पण रंग ओळखणाऱ्या फक्त साठ लाख. माझ्या जुन्या कॅमेऱ्याएवढ्याच. आणि डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत तंतू आहेत दहा-बारा लाख. एवढ्या भांडवलावर आपण आयुष्यभर समोरचं जग स्पष्ट दिसतं अशा खात्रीने वावरतो.

नऊ कोटी अंदाज

पहिल्या दिवशी सगळ्यात भुरळ पडते ती रंगांची. तुळशीच्या पानाचा हिरवा, मंजिऱ्यांचा जांभळट, कुंडीचा विटकरी. गंमत अशी, की सेन्सरला रंग कळत नाहीत. प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरव्या किंवा निळ्या रंगाची एक सूक्ष्म गाळणी बसवलेली असते आणि तो ठिपका फक्त त्याच रंगाचा प्रकाश मोजतो. ही मांडणी कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची. तिचं पेटंट १९७६ साली मिळालं आणि आज जवळजवळ प्रत्येक डिजिटल कॅमेऱ्यात, मोबाइलमध्येसुद्धा तीच असते. आपल्या डोळ्याला हिरव्यातले बारकावे जास्त कळतात, म्हणून निम्मे ठिपके हिरवे, पाव लाल, पाव निळे.

पूर्ण रंगीत फोटोला मात्र प्रत्येक ठिपक्याचे तिन्ही आकडे लागतात. एकूण आकडे हवेत १३ कोटी ६३ लाख. मोजलेले आहेत ४ कोटी ५४ लाख. उरलेले ९ कोटी ९ लाख कॅमेऱ्यातला किंवा संगणकातला प्रोग्रॅम आजूबाजूच्या ठिपक्यांकडे पाहून ठरवतो. म्हणजे ज्या फोटोला आपण पुरावा म्हणून पुढे करतो, त्यातले दर तीन आकड्यांपैकी दोन अंदाजाचे. अंदाज इतके चांगले असतात की कुणाला संशय येत नाही.

मोजलेल्या आकड्याची बारकाईही वाढली आहे. जुना कॅमेरा प्रत्येक ठिपक्याचा उजेड ४,०९६ पायऱ्यांत मोजायचा, नवा १६,३८४ पायऱ्यांत मोजतो. सावलीतली काळी वाटणारी भिंत संगणकावर उजळली की तिचे पोपडे दिसू लागतात ते या जास्तीच्या पायऱ्यांमुळे आणि सेन्सरच्या स्वतःच्या गोंगाटात झालेल्या घटीमुळे.

सूर्यकिरणापेक्षा कमी वेळ

डीएसएलआरचा, म्हणजे आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्याचा आवाज म्हणजे आरसा आणि शटर यांची जुगलबंदी. बटण दाबलं की आरसा वर जातो, शटरचा एक पडदा उघडतो, दुसरा मागोमाग बंद होतो, आरसा खाली येतो. हा कॅमेरा हे सगळं सेकंदाला सात वेळा करतो. प्रत्येक वेळी पडदा २४ मिलिमीटरचं अंतर सेकंदाच्या अडीचशेव्या भागाहून कमी वेळात कापतो. ताशी वीस किलोमीटरहून जास्त वेग झाला. तोही जागच्या जागी गाठायचा आणि पाऊण-एक इंचात पुन्हा थांबायचं.

शटरचा सगळ्यात जलद वेग सेकंदाचा आठ हजारावा भाग. एवढ्या वेळात पडदा पूर्ण उघडणं शक्यच नसतं. म्हणून पहिल्या पडद्याच्या पाठोपाठ दुसरा पडदा निघतो आणि दोघांमधली साधारण मिलिमीटरभराची फट सेन्सरवरून सरकत जाते. सेन्सरचा कुठलाही ठिपका उघडा राहतो तो या फटीपुरता. तेवढ्या वेळात प्रकाश ३७ किलोमीटर जातो. १८५३ साली बोरीबंदरहून सुटलेली पहिली आगगाडी ठाण्यापर्यंत गेली तेव्हा ३४ किलोमीटर धावली होती. ताशी शंभर किलोमीटरने जाणारी आजची गाडी त्या वेळात साडेतीन मिलिमीटर सरकते. फोटोत ती उभीच दिसणार.

आता आयुष्याचा हिशेब. कंपनीने हे शटर दोन लाख उघडझापांना तपासलेलं आहे. ३६ फोटोंच्या रोलच्या भाषेत साडेपाच हजारांहून जास्त रोल. बॉडीची किंमत ढोबळ अडीच लाख धरली तर एका फोटोला सव्वा रुपया. स्वस्तच म्हणायचं. पण बटणावरचं बोट न उचलता सेकंदाला सात या वेगाने फोटो काढत राहिलं तर हे दोन लाख आठ तासांच्या आत संपतात. ऑफिसची एक पाळी आणि शटरचं आयुष्य बरोबरीचं.

त्याहून चक्रावणारा आकडा पुढेच आहे. दिवसाउजेडी बहुतेक फोटो सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या आसपास निघतात. दोन लाख फोटो, प्रत्येकी एवढाच वेळ. बेरीज होते ४०० सेकंद, म्हणजे सहा मिनिटं चाळीस सेकंद. सूर्याहून निघालेल्या किरणाला पृथ्वीवर यायला जवळपास ५०० सेकंद लागतात. म्हणजे सेन्सरने आयुष्यभरात बाहेरचं जग पाहिलं त्या वेळात एक किरणसुद्धा आपल्यापर्यंत पोचला नसता.

आणि ही ४०० सेकंदं फोटोग्राफरने पाहिलेलीच नसतात. आरसा वर गेला की डोळ्याला लावलेल्या खिडकीत अंधार होतो. शटर उघडं असतं ते नेमकं त्याच अंधारात. नेम धरताना दिसतो तो आधीचा क्षण, मग दिसतो तो नंतरचा. जो क्षण फोटोत आला तो टिपणाऱ्याने कधी बघितलाच नाही, हे आरशाच्या कॅमेऱ्याचं खास वैशिष्ट्य.

टिपलेलं सगळं नंतर बघायचं ठरवलं तर? एका फोटोला पाच सेकंद दिली तरी दोन लाखांना साडेअकरा दिवस, रात्री धरून. साठवायला एका रॉ फाइलला, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या आकड्यांना, ५० एमबीच्या आसपास जागा लागते, म्हणजे सगळे मिळून १० टेराबाइट. जुन्या कॅमेऱ्याची रॉ फाइल पाच-सहा एमबीची असायची. कॅमेऱ्याचं बिल दुकानात एकदाच भरतो, हार्ड डिस्कची बिलं दरवर्षी येतात. सेकंदाला सात फोटो निघतात तेव्हा सेन्सरकडून साडेपाचशे एमबीहून जास्त मजकूर दर सेकंदाला वाहत असतो. डोळा लवेपर्यंत जुन्या काळच्या कित्येक फ्लॉपी भरतील.

चांदण्याचा हिशेब

फोटोत किती उजेड घ्यायचा हे तीन गोष्टींवर ठरतं: शटर किती वेळ उघडं, लेन्सचं छिद्र किती मोठं आणि आयएसओ, म्हणजे उजेडाबद्दलची संवेदनशीलता, किती. या कॅमेऱ्याचं शटर ३० सेकंदांपासून सेकंदाच्या आठ हजाराव्या भागापर्यंत चालतं, म्हणजे २ लाख ४० हजार पटींचा पल्ला. आयएसओ ६४ पासून २५,६०० पर्यंत, ४०० पट. एफ १.४ च्या लेन्सवर छिद्र एफ १६ पर्यंत बारीक केलं की १२८ पट. तिन्हींचा गुणाकार १२ अब्ज २८ कोटी ८० लाख. सगळ्यात झगझगीत आणि सगळ्यात अंधाऱ्या दृश्यात एवढ्या पटींचा फरक असला तरी दोन्हींचे फोटो सारख्याच उजेडाचे निघतील.

हा पल्ला कशाला लागतो ते कोजागिरीच्या रात्री कळतं. पौर्णिमेचा चंद्र सूर्यापेक्षा जवळजवळ चार लाख पटींनी मंद असतो. भर उन्हातल्या किल्ल्याच्या बुरुजाचा फोटो एफ १६ ला, आयएसओ १०० वर, सेकंदाच्या शंभराव्या भागात निघतो. फोटोग्राफरांचा हा जुना ठोकताळा आहे. तोच बुरूज चांदण्यात, त्याच छिद्राने आणि त्याच आयएसओवर टिपायचा तर शटर ४,००० सेकंद उघडं हवं, एक तास सात मिनिटं. लेन्स एफ १.४ पर्यंत उघडली की तासाचे ३१ सेकंद होतात. आयएसओ २५,६०० केला की सेकंदाचा आठवा भाग उरतो. कठड्याला कोपर टेकून, श्वास रोखून हातातच काढावा इतका थोडा वेळ. फोटोत आभाळ चक्क निळं येतं, कारण चंद्रप्रकाश म्हणजे उधारीचा सूर्यप्रकाशच. माझ्या जुन्या कॅमेऱ्यावर त्याच्याबरोबर आलेली किट लेन्स लावून, आयएसओ १,६०० वर, याच फोटोला बारा सेकंद आणि ट्रायपॉड लागला असता.

मात्र हा फोटो संगणकावर मोठा करून पाहिला की बुरुजावर रंगीबेरंगी कण पसरलेले दिसतात. नवा मालक इथे हमखास खट्टू होतो. एवढे पैसे मोजले आणि फोटोत ग्रेन?

कणांचं कारण मोजणीतच आहे. प्रकाश फोटॉनांच्या रूपाने सुटा सुटा येतो. सेन्सरच्या ठिपक्यावर फोटॉन आदळून इलेक्ट्रॉन सुटतात आणि कॅमेरा ते इलेक्ट्रॉन मोजतो. भर उन्हात, आयएसओ ६४ वर, मध्यम उजेडाच्या एका ठिपक्यात ढोबळ मानाने दहा हजार इलेक्ट्रॉन जमतात. पूर्ण फोटोत ४५ हजार कोटी. आयएसओ २५,६०० म्हणजे त्याच्या चारशेव्या भागावर काम भागवणं. ठिपक्याच्या वाट्याला येतात २५ इलेक्ट्रॉन. पूर्ण फोटोत ११३ कोटी, भारताच्या लोकसंख्येहून कमी. बुरुजाच्या सावलीतल्या ठिपक्यांना तर दोन किंवा तीनच मिळतात, काहींना एकही नाही.

सुट्या सुट्या येणाऱ्या गोष्टींची मोजणी दर वेळी सारखी येत नाही. सरासरीच्या वर्गमुळाएवढा चढउतार त्यात असतोच. दहा हजारांचं वर्गमूळ शंभर, म्हणजे फरक एक टक्का. डोळ्याला तो जाणवत नाही. पंचवीसचं वर्गमूळ पाच, म्हणजे फरक वीस टक्के. शेजारचे दोन ठिपके सारख्याच उजेडाचे असूनही एकाला २० मिळाले, दुसऱ्याला ३०, की ते वेगळे दिसणारच. चांदण्यातल्या फोटोवरचे बहुतेक कण कॅमेऱ्याने घातलेले नसतात. चांदणंच तेवढ्या कणांनी आलेलं असतं, आणि चांगला कॅमेरा ते प्रामाणिकपणे मोजून दाखवतो.

सगळ्या मोठमोठ्या आकड्यांच्या बुडाशी हा पंचवीसचा आकडा बसला आहे. मेगापिक्सेल साडेसातपट होतात, वेग तिप्पट होतो, फोकसचे बिंदू तीनाचे एकशे त्रेपन्न होतात. येणारा प्रकाश मात्र कुठल्याही कंपनीच्या हातात नाही. जुन्या डी४० चा एकेक ठिपका नव्यापेक्षा तिपटीने मोठा होता, तरी रात्री नवाच सरस ठरतो. कारण नव्याचा सेन्सर एकूण मोठा आहे, त्याच्या तारांचं जाळं प्रकाशाच्या वाटेत न येता मागच्या बाजूला गेलं आहे आणि मोजताना तो स्वतःची भर फार थोडी घालतो. आलेल्यातलं वाया कमी घालवणं, एवढीच सगळी प्रगती.

घ्यावा का?

कॅमेरा गळ्यात दिसला की सोसायटीतला एखादा मुलगा विचारतोच, "काका, मीपण घेऊ का?" त्याच्याकडे साधारणपणे माझ्या जुन्यासारखाच छोट्या सेन्सरचा कॅमेरा आणि त्याबरोबर आलेली किट लेन्स असते. त्याला मेगापिक्सेल सांगण्यापेक्षा एक भागाकार करून दाखवावा.

माझ्या नव्या सेन्सरचं क्षेत्रफळ ८५८ चौरस मिलिमीटर, जुन्याचं ३७०. छिद्र आणि शटर तेच ठेवलं तर कॅमेरा बदलून फोटोत येणारा एकूण प्रकाश वाढतो २.३ पट. त्याच्या किट लेन्सचं छिद्र ५० मिलिमीटरला फार तर एफ ५.६ पर्यंत उघडतं. तिच्या जागी ५० मिलिमीटरची एफ १.८ ची साधी प्राइम लेन्स लावली तर त्याच जुन्या कॅमेऱ्यात प्रकाश जातो जवळपास दहापट. त्या लेन्सची किंमत माझ्या बॉडीच्या दहाव्या भागाहून कमी आहे.

ज्याला फोटो भिंतभर छापायचे आहेत, शंभर मीटरवरच्या पक्ष्याचं पीस न् पीस हवं आहे, त्याने पंचेचाळीस गुंठे जरूर घ्यावेत आणि हार्ड डिस्कही घ्यावी. ज्याला घरातले वाढदिवस, मांडवातली हळद आणि रात्रीची आरती टिपायची आहे, त्याने आधी दहापटवाली लेन्स घ्यावी, सेन्सर नंतर. दोन्ही खिशाला परवडत असेल तर प्रश्नच मिटला. नाहीतर गुंठे मोजायच्या आधी इलेक्ट्रॉन मोजावेत.